डेकला तेल मुरत का नाही?



बंदी सुटायला आली की सोसायटीच्या ऑफिसात एकच विषय असतो. डिझेलचा कोटा, बर्फ, जाळी, खलाशी आले की नाही, आणि शेवटी शेवटी "डेकला एक हात तेल मारून घेऊ." आज त्या शेवटच्या गोष्टीबद्दल लिहितोय, कारण गेल्या वर्षी त्याच गोष्टीने आमच्यातल्या एका माणसाचा हात मोडला.

झालं ते असं. आमच्या एका सभासदाची लाकडी ट्रॉलर. सागवानी डेक, मधल्या चार-पाच फळ्या नव्या घातलेल्या. जुलैच्या २७-२८ तारखेला दोन दिवस उघाड पडली. मालकाने घाईने डेक झाडून काढला आणि चांगल्या दुकानातून आणलेलं महागाचं डेक ऑइल जाड हाताने फासलं. दिसायला काय सुंदर! बोट नवी वाटत होती. आम्हीसुद्धा धक्क्यावर उभं राहून वा म्हटलं. १ ऑगस्टला बोट पाण्यात गेली तेव्हा डेक अजून चिकट होता. आठवड्याभरात त्यावर खवलं, धुराची काजळी आणि जाळ्याचे धागे चिकटले. मग ओल्या मासळीचं पाणी पडलं की तोच डेक साबण लावल्यासारखा निसरडा व्हायला लागला. दुसऱ्या आठवड्यात क्रेट उचलताना एका खलाशाचा पाय सरकला, तो विंचवर आपटला आणि मनगट मोडलं. दीड महिना प्लास्टर. हातावर पोट असलेल्या माणसाचा ऐन हंगामातला दीड महिना गेला.

मालक डबा घेऊन दुकानात भांडायला गेला. दुकानदार म्हणाला, तेलात काही दोष नाही. आम्हाला तेव्हा मालकाचंच खरं वाटलं. मग आमच्या जुन्या सुतार मेस्तांना बोटीवर नेलं. त्यांनी खिशातली सुरी काढली, वरचं चिकट कातडं खरवडलं आणि खालचं लाकूड दाखवलं. काळपट, गार, ओलं. मेस्त म्हणाले, "अरे बाबा, हे लाकूड आधीच पाणी पिऊन बसलंय. पोट भरलेल्या माणसाला जेवण वाढलंत तर तो ते पानातच ठेवणार."

तेल पानातच राहिलं होतं. आत गेलंच नव्हतं.

तेव्हापासून आम्ही मेस्तांकडून, तेलाच्या डब्यावरच्या सूचना वाचून आणि दोन-तीन बोटींवर स्वतः करून बघून जे शिकलो ते इथे मांडतोय. तुमच्यातल्या जाणत्यांना यातलं बरंच ठाऊक असेल. तरी घरातल्या पुढच्या पिढीला वाचायला द्या.

लाकूड तेल पितं कसं

लाकूड म्हणजे बारीक बारीक नळ्यांची जुडी. झाड जिवंत असताना त्यातून पाणी वर चढायचं. आता आपण त्याच नळ्यांत आणि तंतूंच्या मधल्या फटींत तेल घालतो. तेल आत जाऊन सुकलं की पाणी शिरायची वाट अरुंद होते, फळी कमी फुगते, कमी तडकते. तेलाचं काम आत आहे. ते वर राहिलं तर तो थर होतो, आणि डेकवर थर म्हणजे घसरण.

आत जायची वाट चार गोष्टी अडवतात. पहिली ओल. दुसरी मीठ. तिसरी जुन्या तेलाचा, रंगाचा किंवा वार्निशचा थर. चौथी म्हणजे लाकडाचा स्वतःचा वरचा भाग: जुन्या फळीवर उन्हाने मेलेला करडा भुसा, आणि नव्या फळीवर रंधा मशीनने दाबून आणलेली चकाकी. या चारही गोष्टी काढल्या की साधं तेलही मुरतं. एक जरी राहिली तरी महागातलं तेल वाया जातं.

सगळ्यात मोठी अडचण: वेळ

यांत्रिक बोटींना आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै बंदी. हे ६१ दिवस बोट वर असते, माणसं मोकळी असतात, म्हणून सगळी कामं त्यातच उरकायची आपली पद्धत. इंजिन, पंखा, बुडाचा रंग, फटी भरणं हे सगळं त्यातच व्हायला हवं, कारण बोट वर काढल्याशिवाय बूड हाताला लागत नाही.

पण डेकच्या तेलासाठी वर्षातला सगळ्यात वाईट काळ हाच. तेल लावायचं तर लाकडातली ओल साधारण १५ टक्के किंवा त्याहून खाली हवी. पावसाळ्यात आपल्या किनाऱ्यावर हवाच इतकी दमट असते की छपराखाली ठेवलेली फळीसुद्धा १८ ते २० टक्क्यांच्या आसपास राहते. दोन दिवस ऊन पडलं की वरून फळी पांढरी, सुकी दिसते. हात लावला तर गरमही लागते. आतून ती ओलीच असते. गेल्या वर्षीची आमची फसगत इथेच झाली.

आता जरा वेगळा विचार करा. डेकचं काम करायला बोट वर काढावी लागते का? नाही. बुडाला लागते, डेकला नाही. डेक जेटीला बांधलेल्या बोटीवरही होतो. डिसेंबर-जानेवारीत पाऊस नसतो, हवा कोरडी असते, तीच फळी १२ टक्क्यांपर्यंत उतरते. त्या दिवसांत कधी इंजिनच्या कामाला, कधी वाऱ्यामुळे बोट चार-पाच दिवस बांधून राहतेच. ते दिवस डेकला द्या. दुसरी संधी मे महिन्यात, पाऊस यायच्या आधी. मिरग लागला की विषय संपला.

मग जुलैमध्ये काहीच करायचं नाही का? करायचं. जुना थर खरवडणं, धुणं, कुजकी फळी बदलणं, फटी भरणं हे सगळं जुलैत करा. तेल तेवढं मागे ठेवा. कोरा डेक घेऊन १ ऑगस्टला निघायला घाबरू नका. चांगला सागवान कोरा राहिला तर करडा पडतो, कुजत नाही. रोज खाऱ्या पाण्याने धुतला जातो तोवर बुरशीही कमी धरते. कोरा डेक चार महिने चालतो, चिकट डेक एक दिवसही चालू नये.

आता काम, एकेक पायरी

१. आधी टोचून बघा. जाड सुई किंवा बारीक स्क्रूड्रायव्हर घ्या. विंचच्या पायाशी, खाली मासळी-बर्फ ठेवतो त्या कप्प्याच्या तोंडाशी, केबिनच्या कडेला, जिथे जिथे पाणी साचतं तिथे दाबून बघा. टोक सहज आत गेलं, लाकूड ओलसर चुऱ्यासारखं निघालं तर ते लाकूड गेलं. त्याला तेल पाजून ते जिवंत होत नाही. तेवढा तुकडा बदला. वरून तेल लावून कुज झाकणं म्हणजे पुढच्या वर्षीचा खर्च दुप्पट करणं.

२. जुना थर काढा. आधी रंग किंवा वार्निश लावलेलं असेल तर त्याच्यावरून तेल कधीच आत जाणार नाही. खरवडणीने आणि जाड सँडपेपरने लाकूड दिसेपर्यंत काढा. काहीजण कॉस्टिक सोड्याचं पाणी ओततात. त्याने थर लवकर सुटतो हे खरं, पण लाकडाचे तंतूही खाल्ले जातात, फळी केसाळ आणि काळी होते. शिवाय हाता-डोळ्यांना धोका. खरवडणंच बरं. जुन्या बोटीवर अनेक वर्षांचे रंगाचे थर असतील तर त्यात शिसं असू शकतं. नाका-तोंडावर चांगला मास्क लावा आणि मुलांना लांब ठेवा.

३. गोड्या पाण्याने धुवा. आपण डेक रोज धुतो, पण खाऱ्या पाण्याने. ते पाणी उडून जातं आणि मीठ फळीत राहतं. मीठ हवेतली ओल ओढतं. घरातल्या मिठाच्या बरणीचं पावसाळ्यात काय होतं ते आठवा. मीठ भरलेली फळी कधी पूर्ण सुकत नाही. म्हणून तेलाआधी दोन-तीन वेळा भरपूर गोड्या पाण्याने धुवा. बोट वर असेल तर जूनचा पाऊस हे काम फुकट करून देतो, तेवढ्यापुरता डेक उघडा ठेवा.

घासायला काथ्याचा किंवा मऊसर नायलॉनचा ब्रश घ्या, फळीच्या रेषांच्या दिशेने हलक्या हाताने घासा. मशीनच्या जोरदार फवाऱ्याने धुऊ नका. त्या फवाऱ्याने रेषांमधला मऊ भाग उडतो आणि फळीवर चऱ्या पडतात. मासळीचं तेल आणि डिझेलचे डाग असतील तिथे साबणाचं पाणी टाका, दहा मिनिटं ठेवा, घासा आणि साबण पूर्ण निघेपर्यंत धुवा.

४. काळे डाग. खिळ्यांच्या भोवती सागवान काळं पडतं ते लोखंडामुळे. त्यावर ऑक्झॅलिक ॲसिडची पावडर चालते. एक लिटर कोमट पाण्यात ६० ते १०० ग्रॅम, प्लास्टिकच्या बादलीत विरघळवा. ब्रशने लावा, पंधरा-वीस मिनिटांनी भरपूर पाण्याने धुवा. करड्या पडलेल्या फळीचा रंगही त्याने उजळतो. मात्र हे विष आहे. हातमोजे, चष्मा हवाच. पावडर उडवू नका, आणि मासळीचे क्रेट, पिण्याच्या पाण्याचे कॅन आधी डेकवरून उतरवा. पुढच्या वेळी लोखंडी खिळ्याऐवजी स्टेनलेस स्टीलचा स्क्रू वापरा, डाग पडणारच नाही.

५. सुकू द्या. सगळ्यात कंटाळवाणी आणि सगळ्यात महत्त्वाची पायरी ही. धुतल्यावर कोरड्या हवेत कमीत कमी दोन-तीन दिवस लागतात, जाड फळीला जास्त. ताडपत्री घालायची तर फळीला चिकटवून घालू नका. मधून बांबू टाकून मांडवासारखी उंच घाला, दोन्ही टोकं उघडी ठेवा. गच्च गुंडाळलेल्या ताडपत्रीखाली वाफ धरते आणि पावसाच्या गोड्या पाण्याची ओल लाकडाला खाऱ्या पाण्यापेक्षा लवकर कुजवते.

६. सँडपेपर, पण बेताने. सुकल्यावर ६० नंबरने सुरुवात करा आणि ८० वर थांबा. इथे चूक होते ती हौसेने. फळी गुळगुळीत दिसावी म्हणून १५०, २०० नंबरपर्यंत घासतात. त्याने बारीक भुसा नळ्यांच्या तोंडात बसतो आणि लाकूड बंद होतं. घरातलं टेबल आणि बोटीचा डेक यात फरक आहे. डेक थोडा खरखरीत हवा, तेलासाठीही आणि खलाशाच्या पायासाठीही. नव्या फळीला तर हे करायलाच हवं, कारण रंधा मशीनमधून आलेली चकाकी तेलाला आत सोडत नाही. शेवटी झाडून, ब्रशने भुसा काढून घ्या.

७. सागवानाची एक खोड. सागवानात त्याचं स्वतःचं तेल असतं, म्हणून तर ते पाण्यात टिकतं. पण तेच तेल नव्या, ताज्या घासलेल्या फळीवर बाहेरच्या तेलाला अडवतं आणि सुकायलाही उशीर लावतं. उपाय सोपा: तेल लावायच्या जरा आधी थिनरमध्ये भिजवलेल्या फडक्याने फळी पुसा आणि थिनर उडाल्याबरोबर तेल लावा. जवळ विडी-काडी, वेल्डिंग नको. जुन्या, ऊन खाल्लेल्या सागवानाला याची गरज सहसा पडत नाही.

पाण्याच्या थेंबाची परीक्षा

मेस्तांनी शिकवलेली ही गोष्ट फुकट आहे आणि ती वगळू नका. डेकवर पाच-सहा ठिकाणी बोटाने गोड्या पाण्याचे थेंब टाका. उन्हातल्या फळीवर, सावलीतल्या फळीवर, नव्यावर, जुन्यावर. थेंब चार-पाच मिनिटांत आत गेला आणि तिथे गडद डाग राहिला, तर फळीचं तोंड उघडं आहे. थेंब मण्यासारखा तसाच उभा राहिला तर वर काहीतरी अडतंय: जुना थर, चकाकी किंवा फळीचं स्वतःचं तेल. मागे जा, परत घासा.

थेंब वरच्या थराबद्दल सांगतो, आतल्या ओलीबद्दल फारसं नाही. त्यासाठी ओल मोजायचं छोटं मीटर मिळतं, दोन पिना फळीत टोचायच्या की आकडा दिसतो. सोसायटीने असं एक मीटर घेतलं आहे. पिना फळीत मीठ राहिलं असेल तर आकडा खरा नसून जास्त दाखवतात, म्हणून गोड्या पाण्याने धुतल्यानंतरच मोजा. १५ च्या वर असेल तर थांबा.

तेल लावताना

जवसाचं उकळलेलं तेल म्हणजे लिनसीड ऑइल वापरणार असाल तर पहिला हात पातळ हवा: अर्धं तेल, अर्धं टर्पेंटाइन. पातळ तेल खोल जातं. दुसऱ्या हाताला दोन भाग तेल, एक भाग टर्पेंटाइन. एक गोष्ट लक्षात ठेवा, नुसतं जवसाचं तेल दमट हवेत बुरशीचं खाद्य होतं आणि डेक काळा पडतो. म्हणून परवडत असेल तर बुरशीविरोधी औषध घातलेलं तयार डेक ऑइल घ्या आणि त्याच्या डब्यावर पातळ करू नका असं लिहिलं असेल तर करू नका.

वेळ सकाळची, दव उडाल्यावर. भर दुपारी तापलेल्या फळीवर तेल आत जायच्या आधीच वर सुकतं. संध्याकाळी लावलं तर रात्रीचं दव त्यावर बसतं. दोन-तीन फळ्या एका वेळी घ्या, टोकापासून टोकापर्यंत रेषांच्या दिशेने ब्रश ओढा. फळीची कापलेली टोकं सगळ्यात जास्त पितात आणि कुजही तिथूनच सुरू होते, त्यांना दोन-तीनदा पाजा.

लावल्यावर पंधरा-वीस मिनिटं थांबा. जिथे लवकर सुकं दिसेल तिथे आणखी थोडं द्या. मग वर जे चकाकत राहिलं असेल ते सगळं फडक्याने पुसून काढा. सगळं म्हणजे सगळं. पैसे देऊन आणलेलं तेल पुसून टाकायला जिवावर येतं, आम्हाला माहीत आहे. पण लाकडाला हवं तेवढं त्याने घेतलं, उरलेलं कुणाच्या तरी पायाखाली येणार आहे. हात लावून पूर्ण कोरडं लागेपर्यंत मासळी आणि बर्फ डेकवर टाकू नका.

तेलाच्या चिंध्या: हे नक्की वाचा

जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा गोळा करून कोपऱ्यात टाकला तर तो आपोआप तापतो आणि पेट घेऊ शकतो. काडी लागत नाही, ठिणगी लागत नाही. तेल सुकताना हवेशी मिळून उष्णता तयार होते, गोळ्याच्या आत ती अडकते. आम्हाला हे खरं वाटत नव्हतं. जानेवारीत काम संपवून चिंध्यांची पिशवी जाळ्यांच्या शेडमध्ये ठेवली गेली. संध्याकाळी जळका वास आला म्हणून बघितलं तर पिशवीच्या मधल्या चिंध्या तपकिरी होऊन धुमसत होत्या. शेजारी नायलॉनची जाळी होती, चार घरांची. आणखी तासभर कुणी तिकडे गेलं नसतं तर काय झालं असतं ते लिहायला नको.

म्हणून: काम संपलं की चिंध्या एकेक उघडून, दोरीवर, मोकळ्या हवेत वाळत घाला. कडक झाल्या की धोका संपला. नाहीतर पत्र्याच्या डब्यात पाणी भरून त्यात बुडवा आणि झाकण लावा. खलाशांनाही हे त्यांच्या भाषेत समजावून सांगा.

कुणी तेल लावू नये

डेकवर फायबर चढवलेलं असेल तर तेलाचा उपयोग नाही. डेकला रंगच ठेवायचा असेल तर नीट रंगवा आणि ओला असताना न घसरणारा, वाळू मिसळलेला रंग घ्या. तेल आणि रंग दोन्ही एकावर एक नको. काजूच्या टरफलाचं तेल आणि तारल्याचं तेल आपल्या वाडवडिलांनी होड्यांच्या बुडाला वापरलं, ते तिथे ठीक. पण टरफलाचं तेल कातडी भाजतं, डेकवर अनवाणी माणसं फिरतात, तिथे नको.

शेवटी

त्या ट्रॉलरचा डेक जानेवारीत परत केला. मालक, दोन खलाशी आणि आम्ही ऑफिसातले दोघे. दोन दिवस खरवडणं आणि धुणं, तीन दिवस नुसतं वाट बघणं, एका सकाळी तेल. गेल्या खेपेला जेवढं तेल लागलं होतं त्याच्या निम्म्यात काम झालं, आणि पुसून काढल्यावर फळीला हात लावला तर कोरडी. मनगट मोडलेला खलाशी तेव्हा परत कामावर आला होता. तो चप्पल काढून डेकवर एक फेरी मारून आला आणि काही न बोलता क्रेट उचलायला लागला.

मीटर ऑफिसात आहे. सकाळी ९ ते १ या वेळात सही करून न्या आणि दुसऱ्या दिवशी परत आणून द्या. यंदा जुलैच्या शेवटच्या आठवड्यात कुणी तेलाचा डबा उघडताना दिसलं, तर आधी त्याला मीटर नेऊन द्या.